सोलापूरहून अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्यांनी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीचा निर्णय कसा घ्यावा

बारावीनंतर थेट अमेरिकेतील विद्यापीठात जाणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांची तयारी बहुधा प्रवेशपत्र, शैक्षणिक कर्ज, व्हिसाची मुलाखत आणि सामानाचे वजन इथवर येऊन थांबते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन, मुलाखत देऊन परतलेल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना वाटते की आता फक्त विमानाचे तिकीट उरले. प्रत्यक्षात तिथे पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, ज्याविषयी घरात कधी चर्चा झालेली नसते असा एक निर्णय समोर उभा राहतो. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थी संघटनांपैकी एखादीचे, म्हणजे मुलांच्या फ्रॅटर्निटीचे किंवा मुलींच्या सोरॉरिटीचे, सदस्य व्हावे की नाही, हा तो निर्णय. वरच्या वर्गातील मुले-मुली आपणहून ओळख करून घेतात, जेवायला बोलावतात, आणि नव्या देशात एकट्या पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ती आपुलकी फार मोलाची वाटते. ती खोटी असते असे मुळीच नाही. परंतु तिच्यासोबत पैशाची व वेळेची बांधिलकी आणि गुप्ततेची शपथ येते, आणि काही ठिकाणी जिवावर बेतणारे प्रकारही येतात. म्हणून हा निर्णय तिथल्या गर्दीत घेण्याऐवजी इथे, घरातल्या माणसांसमवेत बसून, निघण्यापूर्वीच अर्धाअधिक घेऊन ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

एमएस किंवा पीएचडीसाठी जाणाऱ्यांना यातला बराचसा भाग लागू होत नाही, कारण सामाजिक स्वरूपाच्या या संघटना प्रामुख्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या असतात. त्यांच्यासाठी गुणवत्तेवर आधारलेल्या आणि व्यावसायिक स्वरूपाच्या संघटना आहेत; त्यांचा उल्लेख पुढे येईल.

ही व्यवस्था कशी उभी आहे

व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात १७७६ साली फाय बीटा कॅपा या नावाची संस्था स्थापन झाली आणि ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त शपथ व बिल्ला ही परंपरा तिथून सुरू झाली. पुढे ती संस्था केवळ गुणवंतांची झाली. आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात त्या सामाजिक संघटनांचे मूळ न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजमध्ये आहे. तिथे १८२५ साली कॅपा अल्फा सोसायटी सुरू झाली. स्त्रियांची पाय बीटा फाय ही संघटना १८६७ साली इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजात निघाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या वर्तुळात स्थान मिळत नसल्याने त्यांनी आपल्या संघटना स्वतः उभारल्या: १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा आणि १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा. लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ साली आला, तरी १९७४ च्या दुरुस्तीने सामाजिक फ्रॅटर्निटी व सोरॉरिटींना सदस्यत्वापुरती सूट दिली, आणि म्हणूनच त्या आजही केवळ मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या राहू शकतात.

प्रत्येक संघटनेचे एक राष्ट्रीय मुख्यालय असते आणि निरनिराळ्या विद्यापीठांत तिच्या शाखा असतात. या शाखेला चॅप्टर म्हणतात. सोलापूरच्या वाचकाला चॅप्टरचा कारभार गणेशोत्सवातल्या लेझीम मंडळावरून चटकन समजेल. तीच वर्गणी, तेच निवडून आलेले पदाधिकारी, मिरवणुकीतली तीच ईर्षा आणि अडीअडचणीला धावून येणारी तशीच माणसे. मोठा फरक असा की मंडळातून बाजूला होणाऱ्या कार्यकर्त्याला कोणताही करार आडवा येत नाही, तर चॅप्टरमध्ये प्रवेश करताना सहीचे कागद असतात, ठरावीक मुदतीची देणी असतात, आणि बाहेर पडण्याचे नियम वेगळे लिहिलेले असतात. या लेखातील जवळजवळ सर्व सल्ला याच फरकाभोवती फिरतो. कोणत्या चॅप्टरमध्ये जावे हे ठरवण्यापूर्वी त्यातून बाहेर कसे पडता येते, हे तपासावे.

सर्व संघटना एका प्रकारच्या नसतात. निवासासाठी मोठी घरे असलेल्या सामाजिक संघटना सर्वांत परिचित आहेत. त्यांखेरीज टाऊ बीटा पाय ही अभियांत्रिकीच्या गुणवंतांची संस्था आहे, अल्फा कॅपा साय व डेल्टा सिग्मा पाय या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या आणि थीटा टाऊ ही अभियांत्रिकीची व्यावसायिक संघटना आहे, आणि अल्फा फाय ओमेगा ही सेवाकार्यासाठीची, मुलामुलींना एकत्र घेणारी संघटना आहे. या दुसऱ्या गटातल्या संघटनांना सहसा निवासी घर नसते आणि त्यांची देणीही तुलनेने कमी असतात. एमएससाठी जाणाऱ्यांनी आपल्या विभागात यांपैकी काय उपलब्ध आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेतले जाते का, एवढे विचारावे.

दक्षिण आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या संघटनांकडे आपली मुले साहजिकच ओढली जातात. बिंगहॅम्टन येथे १९९४ मध्ये आयोटा न्यू डेल्टा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये सिग्मा बीटा रो, आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय व मुलींची कॅपा फाय गॅमा अशा संघटना स्थापन झाल्या. घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात कन्नड ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मुलाला तिथे कोणीतरी तेलुगूत हाक मारली की जो धीर येतो, तो मी कमी लेखत नाही. तथापि चेहरे ओळखीचे आहेत म्हणून तपासणी सैल करू नये. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातील पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी डिसेंबर २०१३ मध्ये आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या सहलीत, पोकोनो डोंगरभागात, डोळे बांधून केलेल्या एका ‘विधी’त जबर जखमी होऊन मरण पावला, आणि त्याला रुग्णालयात नेण्यास त्याच्याच संघटनेतल्या मुलांनी उशीर केला.

निघण्यापूर्वी सोलापुरात बसून करण्याची तपासणी

हे काम घरच्या संगणकावर दोन संध्याकाळींत होण्यासारखे आहे आणि ते विद्यार्थी व पालक यांनी एकत्र करावे. सर्वप्रथम, प्रवेश मिळालेल्या विद्यापीठात ही व्यवस्था आहे का, हे पाहावे. बोडन किंवा विल्यम्ससारख्या महाविद्यालयांनी ती बंदच केली आहे. जिथे आहे तिथे विद्यापीठाचे एक स्वतंत्र कार्यालय असते, ज्याच्या नावात सहसा ‘फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ’ हे शब्द असतात. त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त चॅप्टरांची यादी असते. ज्या चॅप्टरचे नाव त्या यादीत नाही, त्याच्या घरी जाऊ नये. मान्यता काढून घेतल्यानंतरही काही गट तेच नाव किंवा नवे नाव घेऊन विद्यापीठाबाहेरच्या घरातून चालू राहतात, आणि अशा गटांवर विद्यापीठाची देखरेख उरलेली नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे शिस्तभंगाची नोंद. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट हा संघराज्याचा कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांनी नवागतांच्या छळाच्या, म्हणजे हेझिंगच्या, घटनांची आकडेवारी आपल्या वार्षिक सुरक्षा अहवालात देणे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावे, काय घडले व काय शिक्षा झाली हे सांगणारा पारदर्शकता अहवाल जाहीर करणे बंधनकारक झाले. हा अहवाल कोणालाही वाचता येतो. विद्यापीठाच्या नावापुढे ‘हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ असे लिहून शोधल्यास तो मिळतो. त्यात एखाद्या चॅप्टरचे नाव वारंवार येत असेल, तर तिथली मुले प्रत्यक्ष भेटीत कितीही सालस वाटली तरी त्या चॅप्टरचा विचार सोडून द्यावा. सवयी चॅप्टरच्या असतात आणि त्या नव्या तुकडीकडे जुन्या तुकडीकडूनच जातात.

तिसरी गोष्ट, सदस्य होण्याची वेळ. काही विद्यापीठे पहिल्या सत्रात सदस्यत्व घेऊ देत नाहीत. डार्टमथमध्ये तर दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागते. याउलट दक्षिणेकडील अनेक मोठ्या विद्यापीठांत सोरॉरिटींची निवडप्रक्रिया ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याच्या सुमारास असते. म्हणजे विमानाचा प्रवास, उलटलेली झोप, बँकेचे खाते, फोनचे सिमकार्ड आणि ही निवड असे सारे एकाच आठवड्यात कोसळते. माझा सल्ला असा की विद्यापीठाचा नियम काहीही असो, आपण स्वतः पहिले सत्र मोकळे ठेवावे. पहिल्या सत्राचा निकाल हाती आला की अभ्यासाचा वेग कळतो, मित्रमंडळी जमलेली असतात, आणि एकटेपणातून होकार देण्याची घाई राहत नाही. बहुतेक चॅप्टर किमान गुणांक मागतातच, आणि जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या वसंत सत्रातही अनेक ठिकाणी सदस्य घेतले जातात. त्यामुळे थांबल्याने दार बंद होत नाही.

खर्चाचा हिशेब

विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० या कागदावर जो वार्षिक खर्चाचा अंदाज छापलेला असतो, त्यात चॅप्टरची देणी सहसा धरलेली नसतात. घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या कुटुंबाने हे आधीच लक्षात घ्यावे. देणी विद्यापीठानुसार आणि संघटनेनुसार फार बदलतात, एका सत्राला काहीशे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत. म्हणून ऐकीव आकड्यावर न जाता चॅप्टरच्या खजिनदाराकडून पहिल्या वर्षाचा संपूर्ण तक्ता लेखी मागावा. त्यात नवसदस्य शुल्क, पूर्ण सदस्य करून घेण्याच्या दीक्षाविधीचे शुल्क, बिल्ल्याची किंमत, राष्ट्रीय मुख्यालयाची वर्गणी, विमा, दर सत्राची चॅप्टर वर्गणी, आणि घरात राहत नसणाऱ्यांनाही घराच्या देखभालीसाठी द्यावा लागणारा हिस्सा हे सर्व यायला हवे. त्याशिवाय कार्यक्रमांचे कपडे, सहली, भेटवस्तू आणि गैरहजेरीचा दंड असे तक्त्याबाहेरचे खर्च असतात, आणि तेच विद्यार्थ्याला जड जातात, कारण ते घरी सांगायचा संकोच वाटतो.

हा तक्ता हाती आल्यावर पालकांनी तो रुपयांत मांडून मुलासमोर ठेवावा आणि काय झेपेल ते स्पष्ट सांगावे. मध्येच सदस्यत्व सोडल्यास कोणती रक्कम परत मिळते आणि कोणती थकबाकी म्हणून वसूल होते, हा प्रश्न याच वेळी विचारायचा. अनेक चॅप्टर हप्ते बांधून देतात आणि काही राष्ट्रीय संघटनांच्या शिष्यवृत्त्याही असतात. त्यांची चौकशी करण्यात कमीपणा नाही. ज्या चॅप्टरला पैशाचा प्रश्न आवडत नाही, त्याच्याशी पुढचे व्यवहार कसे होतील हे तिथेच कळते.

निवडीच्या दिवसांत

या निवडप्रक्रियेला पूर्वी रश म्हणत, आता अधिकृतपणे रिक्रूटमेंट म्हणतात. मुलांच्या फ्रॅटर्निटीत ती बरीच मोकळी असते: जेवण, खेळ, गप्पा, आणि मग आवडलेल्याला आमंत्रण, ज्याला बिड म्हणतात. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या महासंघातल्या सोरॉरिटींची प्रक्रिया मात्र काटेकोर असते. अनेक दिवस, ठरावीक फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन्ही बाजूंची पसंती, आणि शेवटी एक बंधनकारक करारपत्र. या करारपत्राविषयी मुलींनी विशेष जागरूक राहावे. त्यावर सही करून पसंतीक्रमात ज्या सोरॉरिटीचे नाव लिहिले तिचे आमंत्रण आल्यावर ते नाकारले, तर त्या विद्यापीठात त्या महासंघातल्या दुसऱ्या कोणत्याही सोरॉरिटीत जवळपास वर्षभर जाता येत नाही. मनाविरुद्ध केवळ रकाना भरायचा म्हणून नाव लिहू नये. एकच नाव लिहिण्याची किंवा प्रक्रियेतून बाजूला होण्याची मोकळीक असते.

भेटींमध्ये आपली मुले बहुधा प्रश्नांना उत्तरे देत बसतात. वडीलधाऱ्यांसमोर विचारले तेवढेच बोलावे, या संस्कारात वाढलेल्यांना उलट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. इथे तो संकोच बाजूला ठेवावा, कारण निवड दोन्ही बाजूंनी असते. नवसदस्यांचा काळ किती आठवड्यांचा आहे आणि त्याचे लेखी वेळापत्रक मिळेल का, परीक्षेच्या आठवड्यात कार्यक्रम असतात का, गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती जण अजून सदस्य आहेत, जे गेले ते का गेले, दारू न पिणारे सदस्य आहेत का आणि त्यांतल्या एखाद्याशी बोलता येईल का, हे प्रश्न सौम्य स्वरात पण नेमकेपणाने विचारावेत. यातला ‘जे गेले ते का गेले’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे सरळ उत्तर देणारे चॅप्टर गेलेल्यांविषयी आदराने बोलते. जिथे गेलेल्यांची टिंगल होते किंवा विषय बदलला जातो, तिथे आपण उद्या जाऊ इच्छिलो तर आपलेही तेच होणार.

घराविषयीचे प्रश्न वेगळे विचारावेत. अनेक चॅप्टर सदस्यांना निदान एक वर्ष घरात राहण्याची अट घालतात, आणि त्याचा भाडेकरार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. सुट्टीत घर बंद होते का, हे परदेशी विद्यार्थ्यासाठी कळीचे आहे, कारण दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला येणे त्याला शक्य नसते आणि नाताळच्या सुट्टीत राहायचे कुठे, हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखर उभा राहतो. लिंगायत, जैन किंवा इतर शाकाहारी घरांतील मुलांनी स्वयंपाकघर प्रत्यक्ष पाहावे. केवळ कोशिंबिरीची सोय म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे, आणि जेवणाचे पैसे मात्र सर्वांकडून सारखे घेतले जातात. दीक्षाविधी गुप्त असतो, तरीही त्यात विशिष्ट धर्माची शपथ आहे का, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. काही संघटना उघडपणे ख्रिस्ती किंवा ज्यू परंपरेच्या आहेत, तर अनेकांचा धर्माशी संबंध नाही.

नवसदस्याचे आठवडे आणि हेझिंग

आमंत्रण स्वीकारल्यापासून दीक्षा होईपर्यंतच्या आठवड्यांत इतिहास शिकवणे, सेवाकार्य आणि ओळखीपाळखी होतात. चांगल्या चॅप्टरमध्ये वरच्या वर्गातला एक सदस्य नवागताचा पाठीराखा होतो, अभ्यासात मदत करतो, आजारपणात औषध आणून देतो. अशी नाती आयुष्यभर टिकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि त्यांसाठीच लोक या संघटनांत जातात. याच आठवड्यांत, वाईट चॅप्टरमध्ये, नवागताचा छळ होतो. त्याला तिथे हेझिंग म्हणतात.

आपल्या पालकांना रॅगिंग परिचित आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक या दोघांकडून हमीपत्र घेतले जाते. हेझिंगचा धोका मात्र थोडा निराळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय मुलाला सावध करता येणार नाही. रॅगिंगमध्ये छळ करणारा परका असतो आणि त्रास होणाऱ्याला तो नकोसा असतो. हेझिंगमध्ये छळ करणारे तेच असतात ज्यांच्यात सामील व्हायची इच्छा आहे, आणि प्रत्येक गोष्ट ‘तुझी इच्छा असेल तर’ अशी सांगितली जाते. आरंभ क्षुल्लक असतो: फोन जमा करणे, रात्री-अपरात्री बोलावून गाडी चालवायला लावणे, ठरावीक कपडे, सदस्यांची घरे साफ करणे, काही लोकांशी बोलण्याची बंदी. मग झोपू न देणे, डोळे बांधणे, शारीरिक शिक्षा, आणि सर्वांत घातक म्हणजे थोड्या वेळात भरपूर दारू पिण्याची सक्ती. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच वर असल्यामुळे ‘इतके केले तर एवढेही करू’ असे मन म्हणते. म्हणून मर्यादा पहिल्या पायरीवरच आखावी लागते.

त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. जे करायला सांगितले जात आहे ते आई-वडिलांना किंवा विद्यापीठाच्या कार्यालयाला सांगू नकोस असे बजावले गेले, तर ते हेझिंग समजावे. दीक्षाविधीचे शब्द गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. आपण रात्री कुठे होतो आणि काय खाल्ले-प्यायले हे गुप्त ठेवायला लावणे समजण्यासारखे नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हेझिंग हा गुन्हा आहे, आणि अनेक राज्यांच्या कायद्यांत नवागताची ‘संमती’ हा बचाव मानला जात नाही.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये जे घडले ते प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी वाचावे. एका फ्रॅटर्निटीच्या स्वागतसमारंभाच्या रात्री नवसदस्यांना भराभर दारू पाजली गेली, एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी जिन्यावरून पडला, आणि घर माणसांनी भरलेले असताना सुमारे बारा तास कोणीही मदत बोलावली नाही. त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या राज्याने २०१८ मध्ये कायदा कडक केला. या घटनेतून घ्यायचा व्यवहारातला धडा असा: कोणी दारूच्या नशेत बेशुद्ध पडला, जागा होत नसला, श्वास मंद झाला किंवा डोक्याला मार लागला, तर ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणणाऱ्याचे न ऐकता ताबडतोब ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून जवळ बसून राहावे. अनेक राज्यांत, अशा वेळी मदत बोलावणाऱ्याला व आजाऱ्याला अल्पवयीन मद्यपानाच्या कारवाईतून संरक्षण देणारे कायदे आहेत. फोन कोणी जमा करून घेतला असेल, तर तेच निघून जाण्याचे पुरेसे कारण आहे.

बाहेर पडायचे ठरल्यास समजूत घालायला येणाऱ्यांशी लांबलचक चर्चा करू नये. चॅप्टर अध्यक्षाला आणि विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी कार्यालयाला एकाच ईमेलमध्ये ‘मी आजपासून नवसदस्यत्व सोडत आहे, कृपया पोच द्यावी आणि देण्याचा अंतिम हिशेब पाठवावा’ एवढे लिहावे. दीक्षा होण्यापूर्वी सदस्यत्व सोडणे सामान्यतः सोपे असते. दीक्षेनंतर राष्ट्रीय मुख्यालयाची प्रक्रिया लागू होते. छळ झाला असल्यास संदेश, छायाचित्रे आणि तारखा जपून ठेवाव्यात व विद्यार्थी अधिष्ठात्यांच्या कार्यालयात तक्रार करावी. अनेक विद्यापीठांत नाव न देताही तक्रार करता येते.

व्हिसाचे भान

अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय २१ आहे, म्हणजे पदवीची पहिली दोन-तीन वर्षे आपल्या विद्यार्थ्याने चॅप्टरच्या मेजवानीत दारू घेणे बेकायदा ठरते. तिथल्या नागरिक असलेल्या मित्राला दंड भरून सुटता येईल अशा प्रसंगात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचे शिक्षणच धोक्यात येऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाल्यास व्हिसा रद्द होण्याची शक्यता असते, आणि विद्यापीठाने निलंबित केल्यास विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा जाऊ शकतो. मेजवानीची जबाबदारी घेणारा पदाधिकारी म्हणून नाव देण्यापूर्वीही विचार करावा, कारण अल्पवयीनांना दारू पुरवल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. काही चॅप्टरांच्या घरांत स्वयंपाकघरात वाढण्याचे किंवा भांडी धुण्याचे काम करून त्या बदल्यात जेवण किंवा भाड्यात सवलत मिळते. पैसे हातात आले नाहीत तरी तो मोबदलाच समजला जाऊ शकतो, आणि घर खासगी मालकीचे असेल तर ते विद्यापीठाच्या आवारातले काम ठरेलच असे नाही. असे काही स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या अधिकाऱ्याला ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

पालकांनी काय करावे

बंदी घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बंदी घातलेल्या घरातला मुलगा सदस्य होतोच, फक्त तो सांगत नाही, आणि मग संकटाच्या वेळी घरी फोन करण्याची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते. त्याऐवजी निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: खर्चाची मर्यादा, गुणांकाची अशी रेषा जिच्याखाली गेल्यास सदस्यत्व सोडायचे, आणि मध्येच सोडून भरलेले पैसे बुडाले तरी घरात कोणी एका शब्दानेही बोलणार नाही, हे वचन. हे तिसरे वचन वडिलांनी स्वतः द्यावे. पैसे वाया जातील या भीतीने पुष्कळ मुले नकोशा जागी थांबतात.

सोलापुरात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा सप्टेंबरमध्ये शिकागोत सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि तिथे मध्यरात्र असते तेव्हा इथे सकाळचे साडेदहा. म्हणजे अडचणीची वेळ ही इथली दुकान-ऑफिसची वेळ आहे. नवसदस्याच्या आठवड्यांत त्या वेळी फोन हाताशी ठेवावा. बोलताना ‘सगळे ठीक ना?’ असे न विचारता काल किती वाजता झोपलास, शेवटचे कधी पोटभर जेवलास, या आठवड्यात कोणता वर्ग बुडाला, असे विचारावे. शिवाय त्याच्या चॅप्टरबाहेरच्या एका मित्राचा क्रमांक आणि विद्यापीठाच्या पोलीस कार्यालयाचा थेट क्रमांक घरात लिहून ठेवावा, कारण भारतातून ९११ लावून तिथली मदत मिळत नाही.

सदस्य न होणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील बहुसंख्य विद्यार्थी या संघटनांचे सदस्य नसतात आणि त्यांचे काही अडत नाही. भारतीय विद्यार्थी संघटना, क्रिकेटचा संघ, विभागातली प्रयोगशाळा, सेवाकार्याचे गट, आणि मोठ्या शहरांत मराठी मंडळे असतात. या मंडळांची शिखर संस्था म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे. निघण्यापूर्वी जवळच्या मराठी मंडळाला एक ईमेल पाठवून ठेवावा. गणेशोत्सव बहुधा पहिल्याच सत्रात येतो आणि तिथे लेझीम येणारा मुलगा किंवा मुलगी हवीच असते. दुसऱ्या वर्षी, निकाल आणि मित्रमंडळी दोन्ही हाती असताना, एखादे चॅप्टर अजूनही आवडत असेल तर वसंत सत्राच्या रिक्रूटमेंटच्या तारखा विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी कार्यालयाकडून घ्याव्यात, पारदर्शकता अहवालाची ताजी आवृत्ती पुन्हा एकदा वाचावी आणि मग अर्ज भरावा.